प्राप्त तक्रारी : निरंक

आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या वाट्याला अर्धं पान येतं. सदस्यांची नावं, महिला दिनाचं व्याख्यान, दीपप्रज्वलनाचा फोटो आणि शेवटची ओळ – प्राप्त तक्रारी : निरंक. ही ओळ मोठ्या अभिमानाने छापलेली असते. हजारो मुलं-मुली वावरतात त्या आवारात वर्षभर काहीच घडलं नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. तक्रार केली की पुढे काय होतं हे तिथल्या मुलींना पक्कं ठाऊक असावं.

मी मिशिगनमधल्या एका विद्यापीठात शिकवते. इथे असे आकडे दडवता येत नाहीत, आणि त्यामागे एका घराचं दुःख आहे. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायचे. बलात्कार किती, वसतिगृहात किती, आवाराबाहेर किती. शिवाय धोका कायम असेल तर सगळ्यांना लगेच कळवायचं. त्यामुळे कधी रात्री अकराला फोन वाजतो आणि मेल येतो, अमुक वसतिगृहात लैंगिक अत्याचाराची नोंद झाली आहे. नाव नाही, खोली नाही; खाली मदतीचे नंबर. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं गप्प असतात.

कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ऑगस्ट २०२४ मध्ये निवासी डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच गोष्टी फिरत होत्या : फाशी आणि सीसीटीव्ही. पश्चिम बंगाल सरकारने तर महिला डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नका असं सुचवलं, आणि सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल कानउघाडणी करावी लागली. फाशीचं म्हणाल तर आपल्या विधिमंडळाने २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलंच होतं. तो कायदा काही अमलात आला नाही. आणि आला असता तरी ज्या मुलीची तक्रार रेक्टरच्या टेबलापलीकडे गेलेली नाही, तिला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेतल्या ३३ विद्यापीठांत २०१९ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात पदवीच्या साधारण चारपैकी एका मुलीने प्रवेशानंतर आपल्यावर जबरदस्तीने किंवा शुद्ध हरपलेली असताना लैंगिक स्पर्श वा अत्याचार झाल्याचं सांगितलं. (उत्तरं पाचातल्या एकानेच दिली होती, तेव्हा आकडा जपून वापरावा.) पण करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो – वर्गातला, पार्टीतला, मित्राचा मित्र. त्याला गेटवरचा वॉचमन हटकत नाही आणि आठ वाजता गेट बंद करून तो बाहेरही राहत नाही.

इथली मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट तशी साधी आहे. मुलीने लेखी तक्रार केली नाही तरी संबंधित कार्यालयाने तिला आधार द्यायचा असतो : खोली बदलून द्यायची, तुकडी बदलून द्यायची, परीक्षा पुढे ढकलायची. चौकशी हवी की नको हे ती नंतर ठरवते. आपल्याकडून आलेल्या मुलींसाठी हे फार मोठं आहे. त्यांना व्हिसासाठी पूर्ण विषय घ्यावेच लागतात, एखादा सोडायचा तर परवानगी लागते. आणि घरी कळलं तर "झालं तेवढं शिक्षण पुरे, परत ये" हे ठरलेलं. माझ्या केबिनमध्ये एखादी मुलगी दार लोटून बसली की तिने तोंड उघडायच्या आधी मला सांगावं लागतं, "थांब. तू सांगशील ते मला वर कळवावं लागेल. ते नको असेल तर गोपनीय समुपदेशक अमुक मजल्यावर आहे." हे वाक्य बोलणं मला अजूनही जड जातं. काही मुली तिथूनच उठून जातात.

म्हणून "तिकडे सगळं कसं व्यवस्थित" असं कुणी म्हटलं की मी मिशिगन स्टेट विद्यापीठाचं नाव घेते. लॅरी नासर या तिथल्या डॉक्टरविरुद्ध २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली, रीतसर चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. ज्या तज्ज्ञांचं मत घेतलं ते सगळे त्याच विद्यापीठाशी संबंधित होते. पुढची दोन वर्षं तो रुग्ण तपासत राहिला. २०१६ मध्ये एका वर्तमानपत्राने प्रकरण उघडं केलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली. २०१८ मध्ये विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची भरपाई कबूल केली आणि अध्यक्षांना जावं लागलं. समिती होती, नियम होते. संस्थेला स्वतःच्याच माणसाची चौकशी करायची होती, तिथे घोड्याने पेंड खाल्ली.

आपले नियम कागदावर अमेरिकेपेक्षा कमी नाहीत, काही बाबतीत सरसच आहेत. यूजीसीच्या २०१५च्या नियमांप्रमाणे कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख समितीवर असता कामा नयेत. बाहेरची एक व्यक्ती हवीच, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही हवेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं. ओडिशात बालासोरच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी जुलै २०२५ मध्ये विभागप्रमुखाविरुद्धची तक्रार घेऊन प्राचार्यांपर्यंत पोहोचली होती, तेव्हा हे सगळं लागू होतं. तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली. विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांनाही अटक झाली. नियम कुणी पाळला नाही तर कुणाला झळ बसेल, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

झळ बसवणारं बाहेरचं कुणी असायला हवं, आणि तेही कायम राहील याची खात्री इथेही नाही. सरकार बदललं की इथे विद्यापीठांनी अशा तक्रारींची चौकशी कशी करायची याचे नियम बदलतात : २०११, २०२०, २०२४, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने २०२४चे रद्द करून पुन्हा २०२०चे. मार्च २०२५ मध्ये तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाची १२ पैकी ७ प्रादेशिक कार्यालयं बंद करायचं ठरलं. मिशिगनच्या तक्रारी पाहणारं क्लीव्हलँडचं कार्यालय त्यातच होतं.

माझ्या पुतणीला यंदा पुण्यात प्रवेश घ्यायचा होता. भावाने वसतिगृहाचे फोटो पाठवले – तारेचं कुंपण, कॅमेरे, बायोमेट्रिक. त्याला म्हटलं, हे राहू दे, तक्रार समितीवरचे तीन विद्यार्थी कोण आणि ते कधी निवडून आले ते विचार. त्याने फोन केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "साहेब, मुलीचा प्रवेश घ्यायचाय की चौकशी लावायचीय?" त्याने यादी मागून घेतलीच. त्यात अध्यक्षपदी विभागप्रमुख होत्या, आणि विद्यार्थी एकही नव्हता.