सक्तीची लष्करभरती आणि ‘सूट’ मिळवून देणारा बनावट अर्ज

‘युद्ध पेटल्यास १८ ते २५ वयोगटातील प्रत्येक तरुणाला सक्तीने लष्करात नेणार, एनसीसीच्या मुलांना आधी; लष्करप्रमुखांना तसे अधिकार मिळाले आहेत; एकुलत्या एक मुलासाठी सूट हवी असल्यास सोबतच्या दुव्यावरील अर्ज भरून आधार कार्ड व ४९९ रुपये पाठवा,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या बहिणीने तो वाचून भाच्याच्या आधार कार्डाचा फोटो पाठवूनही टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत संतापजनक आहे तो हा अर्ज. तरुणांना सरसकट लष्करात ओढणारा कायदाच भारतात लागू नाही, तर सूट कशातून मागायची? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी उभारलेले सुमारे २५ लाखांचे भारतीय सैन्यसुद्धा सक्तीच्या भरतीतून आलेले नव्हते. शिवाय त्या दुव्याचा पत्ता सरकारी नाही, पैसे कोणाच्या तरी खासगी यूपीआय खात्यात जातात आणि शेवटच्या पानावर चक्क ओटीपी मागितला जातो. लष्कराला तुमचा ओटीपी कशाला हवा? ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी लाजत न बसता बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

लष्करप्रमुखांच्या अधिकारांची बाब मात्र, नाइलाजाने का होईना, अर्धी खरी मानावी लागते. संरक्षण मंत्रालयाने ६ मे २०२५ च्या आदेशान्वये त्यांना टेरिटोरियल आर्मीला, म्हणजे आपला नोकरी-व्यवसाय सांभाळून लष्करी सेवा देणाऱ्यांच्या दलाला, पाचारण करण्याचा अधिकार दिला. परंतु या दलाच्या १९४८ च्या नियमांतील नियम ३३ वर आधारलेला हा आदेश त्या दलात आधीच स्वेच्छेने दाखल झालेल्या अधिकारी व जवानांपुरता आहे, आणि त्यातही ३२ पैकी १४ पायदळ बटालियन सेवेत घेण्याचा उल्लेख आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा त्यात कोठेही संबंध येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३(२) नुसार राज्यसंस्थेला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादता येते हेही खरे, पण त्यासाठी आधी संसदेत कायदा व्हावा लागेल, आणि तो गुपचूप होत नसतो.

एनसीसीचे म्हणाल, तर १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली होती आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. केवळ कॅडेट असल्याने प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही.

राहिली सोबतची चित्रफीत. गणवेशातील माणसे एका तरुणाला व्हॅनमध्ये कोंबताना तीत दिसतात. भरतीचे किमान वय एप्रिल २०२४ मध्ये २७ वरून २५ वर आणणाऱ्या युक्रेनमधली ती आहे. मागच्या दुकानाची पाटी सिरिलिक लिपीत, म्हणजे युक्रेनियन भाषा जीत लिहिली जाते त्या लिपीत आहे, एवढे तरी पुढे पाठवणाऱ्यांनी पाहायला हवे होते.