तिकीटमास्टरला शिव्या घालाच, पण कलाकारालाही विचारा

मार्च २०२३ मध्ये एक पावती रॉकच्या चाहत्यांमध्ये भरपूर फिरली. द क्युअर या ब्रिटिश बँडच्या अमेरिकन दौऱ्याची चार तिकिटं, प्रत्येकी २० डॉलर, म्हणजे ८० डॉलर. त्याखाली दर तिकिटामागे ११.६५ डॉलर सर्व्हिस फी, दर तिकिटामागे १० डॉलर फॅसिलिटी चार्ज आणि वर सगळ्या ऑर्डरवर ५.५० डॉलर प्रोसेसिंग फी. फीची बेरीज ९२.१० डॉलर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

असल्या पावत्या आपण दर मोठ्या दौऱ्याला बघतो, चरफडतो आणि पैसे भरतो. या वेळी मात्र बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ स्वतः ट्विटरवर उतरला. या फीची आपल्याला किळस आली, असं त्याने उघड लिहिलं आणि तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर या कंपनीला जाब विचारला. एक-दोन दिवसांत तिकीटमास्टरने फी जास्त असल्याचं मान्य केलं. सर्वात स्वस्त तिकिटामागे १० डॉलर आणि बाकीच्या तिकिटांमागे ५ डॉलर परत केले, आणि पुढच्या विक्रीत फी कमी ठेवली. ना कोर्ट, ना कचेरी. एका माणसाने आपलं वजन वापरलं, एवढंच.

म्हणूनच ‘बिचाऱ्या कलाकाराच्या हातात काही नसतं’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. हातात काय असतं आणि काय नसतं, ते आधी नीट बघू.

तिकिटाची छापील किंमत कलाकाराची मंडळी आणि प्रमोटर, म्हणजे शो भरवणारा, मिळून ठरवतात. डायनॅमिक प्रायसिंग, म्हणजे मागणी बघून भाव चढवणं, चालू ठेवायचं की बंद, हे कलाकाराच्या बाजूने ठरतं. फॅन क्लबला किती जागा द्यायच्या, व्हीआयपी पॅकेजमध्ये किती खुर्च्या बांधायच्या, तिकीट दुसऱ्याच्या नावावर करू द्यायचं की नाही, यातही त्यांचाच शब्द मोठा. फीचं गणित मात्र वेगळं. ती हॉल आणि तिकीट कंपनी यांच्या करारातून येते. फॅसिलिटी चार्ज हॉलचा असतो, आणि सर्व्हिस फीमधलाही मोठा वाटा हॉललाच जातो. हे करार अनेक वर्षांचे आणि एकाच कंपनीशी बांधलेले असतात, त्यामुळे ‘आमचा शो दुसऱ्या साइटवर विका’ असं बँड म्हणू शकत नाही. पर्ल जॅम या अमेरिकन बँडने १९९४ मध्ये हीच लढाई लढून पाहिली. त्यांना तिकीट १८ डॉलरच्या आसपास आणि सर्व्हिस फी १.८० डॉलरच्या आत हवी होती. तक्रार थेट अमेरिकेच्या न्याय खात्यापर्यंत गेली, बँडचे दोघे जण संसदीय समितीपुढे साक्ष देऊन आले, आणि जुलै १९९५ मध्ये खात्याने चौकशी गुंडाळली. पुढे २०१० मध्ये तिकीटमास्टर आणि लाइव्ह नेशन एकत्र झाले, आणि शो भरवणारा व तिकीट विकणारा एकाच छपराखाली आले. त्याविरुद्ध न्याय खातं कोर्टात गेलं ते मे २०२४ मध्ये. वरातीमागून घोडं.

तर फीपुढे कलाकाराचे हात बरेचसे बांधलेले आहेत, मान्य. पण किमतीपुढे नाहीत.

स्मिथने त्या दौऱ्यात तीन गोष्टी केल्या. डायनॅमिक प्रायसिंगला साफ नकार दिला. जिथे कायदा परवानगी देतो तिथे तिकीट हस्तांतरित करता येणार नाही, अशी अट घातली. आणि ज्याला जाणं जमणार नाही त्याने छापील किमतीलाच परत विकावं, अशी सोय लावली. मेख होती ती न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या तीन राज्यांत. तिथले कायदे ग्राहकाला तिकीट दुसऱ्याला द्यायचा हक्क देतात. कायदा ग्राहकाच्या भल्याचा, पण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले दलाल. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या हॉलमधले तीन शो असे उघडे पडले. बाकी राज्यांतही दलालांनी पळवाट शोधली. तिकीट हस्तांतरित होत नाही ना, मग अख्खं अकाउंटच पासवर्डसकट विकायचं! त्यावर बँडने खोट्या खात्यांवरची आणि पुनर्विक्रीच्या साइटवर दिसलेली सुमारे २,२०० ऑर्डरींमधली सुमारे ७,००० तिकिटं रद्द करून घेतली.

यात पैसे बुडाले का? दौऱ्याची साडेपाच लाखांच्या आसपास तिकिटं खपली, पावणेचार कोटी डॉलरच्या घरात गल्ला जमला, आणि तिकिटाची सरासरी किंमत ७० डॉलरच्या आतच राहिली. कोणी उपाशी राहिलं नाही.

आता दुसरं टोक बघा. जुलै २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्याची विक्री सुरू झाली आणि काही खुर्च्यांवर पाच हजार डॉलरच्या आसपासचा आकडा दिसला. कामगार वस्तीतल्या माणसांची गाणी जन्मभर गाणाऱ्याच्या तिकिटाला हा भाव! कंपनीने खुलासा केला की जवळपास ८८ टक्के तिकिटं ठरलेल्या किमतीलाच होती, भाव चढणारी ‘प्लॅटिनम’ तिकिटं फक्त ११.८ टक्के. आकडा खरा धरला तरी चाहत्यांना सगळीकडे प्लॅटिनमच का दिसलं? कारण साधं आहे. ठरलेल्या किमतीच्या खुर्च्या सगळ्यात आधी उडतात. रांगेत मागे असलेला माणूस साइटवरच्या खुर्च्यांच्या नकाशावर पोचतो तेव्हा उरलेला माल महागडाच असतो. त्याच्यापुरते ते ११.८ टक्के म्हणजेच शंभर टक्के.

नंतर स्प्रिंगस्टीनने बाजू मांडली ती अशी, की हे तिकीट कुठेतरी या भावाला जाणारच आहे, तर तो पैसा दलालाऐवजी स्टेजवर तीन तास घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण त्यात एक गोम आहे. दलालाचा भाव तुम्हाला रोखता येत नसेल तर तोच भाव आपण लावायचा, हे ठीक. स्मिथने तो बऱ्याच अंशी रोखून दाखवला ना! शिवाय ‘प्लॅटिनम’ या नावात सोनेरी काहीच नसतं. खुर्ची तीच, रांग तीच, ना खाणं ना भेटवस्तू. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या २०२५ च्या दौऱ्याच्या विक्रीनंतर ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने नेमका हाच आक्षेप घेतला होता, की प्लॅटिनमसाठी जवळपास अडीचपट पैसे घेतले आणि जादा काही दिलं नाही. स्मिथने २०२४ मध्ये एका मुलाखतीत डायनॅमिक प्रायसिंगला सरळ हावरटपणा म्हटलं, आणि नको म्हणायची मुभा प्रत्येक कलाकाराला असते, हेही सांगितलं. ते वाचून बऱ्याच मॅनेजरांना मिरच्या झोंबल्या असतील.

बरं, रागाचं झालं. आता विक्रीच्या सकाळचं बोलू, कारण चुका तिथेच होतात.

पहिली गोष्ट, ‘सामान्य विक्री’ला जे येतं ते अख्खं स्टेडियम कधीच नसतं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने जानेवारी २०१६ मध्ये अहवाल काढला होता. त्यांनी तपासलेल्या मोठ्या शोंमध्ये सरासरी १६ टक्के तिकिटं कलाकार, हॉल, प्रमोटर आणि ओळखीपाळखीच्यांसाठी बाजूला काढलेली होती, ३८ टक्के प्रीसेलला, म्हणजे सामान्य विक्रीआधी ठरावीक लोकांसाठी होणाऱ्या विक्रीला, गेली होती. सगळ्यांसाठी उरली ४६ टक्के. त्याच अहवालात यू-टू या बँडच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या एका शोचं उदाहरण आहे. माणशी मर्यादा चार तिकिटांची असताना एका बॉटने, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणाऱ्या प्रोग्रामने, एका मिनिटात १,०१२ तिकिटं उचलली. २०१६ मध्येच अमेरिकेत बॉटविरोधी कायदा झाला, पण बॉट काही संन्यास घेऊन गेले नाहीत. तेव्हा प्रीसेल हीच खरी विक्री समजा. कलाकाराच्या मेलिंग लिस्टवर नाव, फॅन क्लब असेल तर तो, हॉलची स्वतःची प्रीसेल, कार्ड कंपनीची प्रीसेल, प्रत्येकीचा वाटा वेगळा असतो. एकीत नाही मिळालं तर दुसरीत बसा. नोंदणीची मुदत विक्रीच्या बरीच आधी संपते, आणि लोक तिथेच गाफील राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रांग. साइटवरची वेटिंग रूम विक्रीच्या थोडी आधी उघडते. ठोक्याला त्यात असलेल्या सगळ्यांना यादृच्छिक नंबर मिळतो, म्हणजे चक्क सोडत निघते. म्हणून पहाटेपासून स्क्रीनपुढे बसण्यात अर्थ नाही, पण ठोक्यानंतर एक मिनिटाने येणं मात्र महागात पडतं, कारण मग तुम्ही सोडतीतल्या सगळ्यांच्या मागे लागता. एका अकाउंटने दहा टॅब उघडू नका. यंत्रणा तुम्हालाच बॉट समजून बाहेर काढते. व्हीपीएन बंद ठेवा. ऑफिसचं वायफाय टाळा, कारण एकाच पत्त्यावरून शंभर जण आत शिरताना दिसले की संशय येतो. पान रिफ्रेश करू नका. लॉगिन आदल्या दिवशीच तपासा, कार्डची मुदत बघा, आणि कोड ज्या फोनवर येतो तो चार्ज करून हाताशी ठेवा. दोन मित्रांनी दोन अकाउंटवरून बसणं नियमात बसतं, आणि सोडत असल्यामुळे त्याचा खरोखर उपयोग होतो. फक्त दोघांनीही घेऊन टाकायची नाहीत, हे आधी बोलून ठेवा.

नकाशा उघडला की सगळ्यांची बोटं एकाच ठिपक्यावर पडतात आणि ‘ही जागा दुसऱ्याने घेतली’ असा निरोप पुन्हा पुन्हा येतो. ठिपक्यांमागे धावू नका. फिल्टरमध्ये पुनर्विक्री आणि प्लॅटिनम दोन्ही बंद करा, कमाल किंमत टाका आणि यादीतली पहिली बरी जोडी उचला. चार मागत असाल तर दोन-दोन मागून बघा. दोनही नसतील तर एक. एकट्या खुर्च्या सगळ्यात शेवटी उरतात, आणि गाणं काही शेजारच्याचा हात धरून ऐकायचं नसतं. कार्टमधला टाइमर चालू असताना ‘याहून पुढची मिळेल का’ म्हणून सोडून देणारे हमखास हात चोळत बसतात. आणखी एक, मे २०२५ पासून अमेरिकेत फीसकट एकूण रक्कम आधीच दाखवणं बंधनकारक आहे. शेवटच्या पानावर आकडा फुगला, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून एफटीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे, तक्रार करा.

आणि ‘सोल्ड आउट’ हा शब्द मनावर घेऊ नका. स्टेज, साउंड आणि कॅमेऱ्यांसाठी अडवलेल्या खुर्च्या असतात. स्टेज प्रत्यक्ष उभं राहिलं की कुठून नीट दिसतं ते कळतं, आणि त्यातल्या बऱ्याच मोकळ्या होतात. पाहुण्यांसाठी राखलेल्या, कोणी न उचललेल्या जागाही शेवटी बाहेर येतात. हे सगळं शोच्या काही दिवस आधीपासून अगदी शोच्या दिवशी दुपारपर्यंत चालतं, तेही छापील किमतीला आणि गाजावाजा न करता. बाजूच्या जागा, पुढच्या रांगांचे तुकडे असंच काहीबाही असतं, पण कधीकधी घबाड लागतं. हॉलच्या खिडकीवर चौकशी करायला लाजू नका. हॉलच्या मॅनेजरच्या हाती जे असतं ते साइटवर दिसेलच असं नाही.

दलालाकडून घ्यायचंच असेल, तर निदान विक्री सुरू व्हायच्या आधी जाहिरातीत दिसणाऱ्या तिकिटांच्या वाटेला जाऊ नका. तिकीट त्याच्याकडे नसतंच. आधी तुमचे पैसे घेऊन मग तो शोधायला निघतो, आणि नाही मिळालं तर शोच्या आदल्या संध्याकाळी परताव्याचा ईमेल येतो. सेक्शन आहे पण रांग आणि खुर्ची क्रमांक नाही, ही ओळखायची खूण. स्क्रीनशॉट म्हणून पाठवलेलं तिकीटही घेऊ नका. तिकीटमास्टरचा बदलता बारकोड दर १५ सेकंदांनी नवा होतो, त्यामुळे जुना फोटो गेटवर चालत नाही. तिकीट तुमच्या अकाउंटमध्ये येईपर्यंत पैसे सोडू नका. आणि घरातून निघतानाच ते फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा, कारण गेटपाशी हजारो फोन एकदम चालू असतात आणि नेटवर्क नेमकं तिथेच मान टाकतं.

राहता राहिला कलाकार. पुढचा दौरा जाहीर होईल तेव्हा त्याच्या पोस्टखाली बदाम टाकायच्या आधी तीन प्रश्न टाका. डायनॅमिक प्रायसिंग आहे की नाही? तिकीट छापील किमतीला परत विकायची सोय आहे का? दर शोमागे सामान्य विक्रीला किती खुर्च्या येणार? तिन्हींची उत्तरं विक्रीच्या आधी त्याच्या मॅनेजरकडे लेखी तयार असतात.