‘पॅरामीटर काढा, स्ट्रिंग जोडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली-मिरजेकडच्या प्रोग्रामर मंडळींत एक मेसेज फिरतोय: "पॅरामीटर क्वेरी कोडमधून चालवली की एरर येते. भावांनो, डोकं लावत बसू नका. पॅरामीटर काढा, व्हॅल्यू सरळ स्ट्रिंगमध्ये जोडा, सिंगल कोट डबल करा. आपल्या अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरवर कुठला हॅकर येतोय?"

पॅरामीटर म्हणजे क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) व्हॅल्यूसाठी ठेवलेली रिकामी जागा, स्ट्रिंग म्हणजे क्वेरीचा मजकूर. आधी ‘पॅरामीटरमुळे एरर’ बघू. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस डेटाबेसमधली ३०६१ क्रमांकाची एरर घ्या: ‘टू फ्यू पॅरामीटर्स. एक्स्पेक्टेड १.’ म्हणजे पॅरामीटर कमी पडले, एक हवा होता. क्वेरीत एकही पॅरामीटर नसला तरी ती येते, कारण ओळखता न आलेलं प्रत्येक नाव इंजिन पॅरामीटर समजतं. कॉलम ‘वजन’ आणि तुम्ही लिहिलंत ‘वजण’, की आली. आणि गंमत म्हणजे, स्ट्रिंग जोडताना ‘तासगाव’ या व्हॅल्यूभोवती कोट विसरलात तरी हीच एरर.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे क्वेरीतला फॉर्मच्या टेक्स्टबॉक्सचा संदर्भ. डबल-क्लिक केलं की क्वेरी चालते, कारण तिथे ॲक्सेस स्वतः फॉर्म वाचतं. कोडमधून ओपन-रेकॉर्डसेट (क्वेरीचा निकाल मागवणारी आज्ञा) केलं की इंजिनला तो फॉर्म ठाऊकच नसतो. क्वेरीडेफ (क्वेरी कोडमध्ये हाताळायची वस्तू) घ्या, त्याच्या पॅरामीटरला व्हॅल्यू द्या आणि मग रेकॉर्डसेट उघडा. दोन-तीन ओळींचं काम.

पायथनवाल्यांचीही तीच ओरड. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसला ‘सांगली’ नुसतं कंसात दिलं की उत्तर येतं: लागतंय १, दिलीत ६. ते सहा म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी. स्वल्पविराम राहिला, म्हणून टपलऐवजी (व्हॅल्यूंच्या यादीऐवजी) स्ट्रिंगच गेली आणि तिचा एकेक तुकडा वेगळी व्हॅल्यू मोजला गेला. स्वल्पविराम टाका, मिटलं.

आता ‘व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये जोडली की काम झालं’ हा समज. खरा घोळ इथे आहे, कारण इथे एरर येतच नाही. हळदीचा सौदा ५ एप्रिलचा. #०५/०४/२०२५# असं जोडलंत की ॲक्सेसची एसक्यूएल (क्वेरीची भाषा) महिना आधी वाचते, म्हणजे शोध ४ मेचा. विंडोजमध्ये तारीख भारतीय पद्धतीची ठेवलीत तरी फरक पडत नाही. १३ तारखेपासून पुढे मात्र सगळं बरोबर दिसतं, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे महिनाअखेरीला टेस्टिंग करणाऱ्याला हे कळणारच नाही. हिशेबाच्या पट्ट्या जुळेनात म्हणून शेतकरी दारात उभा राहिल्यावर कळेल. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर तर मजकुरापुढे एन (युनिकोडची खूण) न लावता ‘हळद’ जोडलंत की बहुतेक ठिकाणी टेबलात ‘???’ जातं.

कोट डबल करून आकड्यांचं काय होणार? खाते क्रमांकाच्या चौकटीत कोणी ‘५ ऑर १=१’ टाकलं, तर त्यात कोटच नाही, आणि ‘किंवा १=१’ नेहमीच खरं, म्हणून अट प्रत्येक नोंदीला लागू होते. ती डिलीट क्वेरी असली तर अख्खी खातेवही साफ. त्याला हॅकर कशाला, दुकानातला रुसलेला पोऱ्या पुरे.

एक मात्र मान्य: ओएलई-डीबीत (प्रोग्राम डेटाबेसशी जोडणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या दुव्यात) ॲक्सेससाठी पॅरामीटरचं नाव बघितलं जात नाही, क्रमच चालतो. क्रम चुकला आणि प्रकार जुळले, तर तिथेही निकाल गुपचूप चुकतो. क्वेरीत पॅरामीटर ज्या क्रमाने आलेत त्याच क्रमाने व्हॅल्यू द्या.

टेबलाचं नावही पॅरामीटरने देता येत नाही, तिथे स्ट्रिंग जोडावीच लागते. ते नाव कोडमधल्या ठरलेल्या यादीतूनच घ्या. दर आर्थिक वर्षाला नवं टेबल काढत असाल, तर एक वर्षाचा कॉलम ठेवा, मग ही वेळही येणार नाही.