खुलासा : ट्रॅव्हिस पिकिंगला पाच बोटं लागत नाहीत

नाशिकच्या गिटार शिकणाऱ्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय : ट्रॅव्हिस पिकिंग (बोटांनी गिटार वाजवायची एक पद्धत) अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांनी शोधलं आणि पाचही बोटं चालल्याशिवाय ते जमत नाही. दोन्ही गोष्टी चूक.

ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) स्वतः मुख्यतः अंगठा आणि तर्जनीवरच वाजवत. अंगठ्यात थंबपिक (तार छेडायची नखी), तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी) जाड तारांवर हलकीच टेकलेली, म्हणून बेस, म्हणजे खालचे सूर, दबका येतो. अंगठा प्रत्येक ठोक्याला जाड तारांवर आलटूनपालटून पडतो, तर्जनी वर धून काढते. मिरवणुकीतला आपला नाशिक ढोल आठवा : ढोलाचा ठेका हलत नाही, ताशा त्यावर बागडतो. अंगठा म्हणजे ढोल. तो डळमळला की बाकीची बोटं कितीही नाचवा, फुकट!

राहिला शोध. ट्रॅव्हिस ही पद्धत अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या गिटारवादकांकडून शिकले. त्यांच्याही आधीचे केनेडी जोन्स आणि कृष्णवर्णीय वादक आर्नोल्ड शुल्ट्झ. तिकडे ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये असाच आलटूनपालटून पडणारा बेस रेकॉर्ड केला, तेव्हा ट्रॅव्हिस दहा-अकरा वर्षांचे होते.