समासातली आद्याक्षरं

परवा माझं जुनं बायबल चाळत बसलो होतो. कितीतरी वर्षं चर्चमध्ये शिकवायला हेच घेऊन जायचो. समासात पेन्सिलीच्या खुणा, कुठलं वचन कुणाला लागू पडतं त्याच्या. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेबद्दल लिहिलंय, तिथे मंडळीतल्या एका बहिणीचं आद्याक्षर. लोभाच्या वचनापाशी एका भावाचं. क्षमेपाशी तर दोघांची. पानं उलटत गेलो, माझं अक्षर कुठेच नाही! आणि याकोबाच्या त्याच अध्यायाची सुरुवात कशाने होते? पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार. त्याखाली साधी रेघसुद्धा नाही.

शिकवणाऱ्याला गर्व चढतो, मानाची चटक लागते, हे सगळेच बोलतात. खरंही आहे. पण ते चारचौघांना दिसतं, कुणीतरी कान धरतं. मला भीती वाटते ती वचन म्हणजे नुसता कच्चा माल होऊन जाण्याची. एकदा मन खरंच जड होतं म्हणून स्तोत्र 51, पश्चात्तापाचं स्तोत्र, उघडलं. चौथ्या-पाचव्या ओळीलाच डोक्यात आलं, 'याचे तीन मुद्दे छान होतील', आणि हात पेनाकडे गेला. पश्चात्ताप राहिला बाजूला. संदेश मात्र झकास झाला, लोक भेटून आशीर्वाद मिळाला म्हणाले. घरी आलो तेव्हा मी होतो तसाच होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारे, आठवतात. ख्रिस्त कुठे जन्मणार, असं हेरोद राजाने विचारलं. उत्तर तयार: यहूदीयातलं बेथलेहेम. मीखा संदेष्ट्याचं वचनही तोंडपाठ. उत्तर शंभर टक्के बरोबर, आणि यरुशलेमेपासून बेथलेहेम जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण त्यांच्यातलं कुणी तिकडे गेल्याचं मत्तय लिहीत नाही. गेले ते दूर पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक. त्या शास्त्र्यांना मी पूर्वी फार नावं ठेवायचो. हल्ली जमत नाही.

उलट अपुल्लो बघा. प्रेषितांची कृत्ये, 18वा अध्याय. वक्ता, शास्त्रात पारंगत, सभास्थानात निर्भयपणे बोलणारा. त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने. तो रुसल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मला असं कुणी शेवटचं कधी समजावलं, हे आठवायला बराच वेळ लागला. मी शहाणा झालो होतो म्हणून नव्हे, मला सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं म्हणून.

गेल्या आठवड्यात अभ्यासाला एका आजींनी विचारलं, "शास्ते 11 मधल्या इफ्ताहाने नवसापायी खरंच पोटच्या पोरीला होमात दिलं का हो? आणि देव गप्प कसा राहिला?" यावर माझं ठरलेलं पाच मिनिटांचं उत्तर आहे. दरवेळी ते देताना आतून मला स्वतःलाच पटत नाही. तोंड उघडलं, मग थांबलो.

"आजी, मला नाही माहीत."

खोली शांत. आजींनी चष्मा काढून पदराला पुसला.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मलाच एकटीला कळत नाही."