चांद्रयान, श्रेयवाद आणि फॉन ब्राउन

२३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन जवळ आला की भारतातून येणाऱ्या संदेशांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते चांद्रयान-३ चे यश हे आजच्या नेतृत्वाच्या इच्छाशक्तीचे, तर दुसऱ्याच्या मते पाया नेहरूंच्या काळात घातला गेला असल्यामुळे आजच्यांनी ते मिरवण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा चंद्रावर उतरणारा भाग, म्हणजे विक्रम, उतरला त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव देण्यात आले, तेव्हा २००८ साली चांद्रयान-१ मधून सोडलेले उपकरण आदळले ती जागा ‘जवाहर’ म्हणून ओळखली जाते, याची आठवण तातडीने करून दिली गेली. जर्मनीत बसून हा श्रेयवाद वाचताना जाणवते ते इतकेच, की ज्यांनी यान उतरवले ती माणसे या भांडणात गैरहजर असतात.

सन्मानाच्या बाबतीत जर्मन समाज एकदा चांगलाच पोळला आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाचा शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन मूळचा जर्मन. त्याच्या नावाने येथे रस्ते झाले, शाळा झाल्या, चंद्रावरच्या एका विवरालाही त्याचे नाव मिळाले. परंतु त्याचाच व्ही-२ हा अग्निबाण दुसऱ्या महायुद्धात मिटेलबाउ-डोरा छळछावणीतील कैद्यांकडून भूमिगत कारखान्यात बनवून घेतला जात होता आणि त्या छावणीत हजारो कैदी मरण पावले. बव्हेरियातील फ्रीडबर्ग येथील शाळेने अखेर २०१४ मध्ये त्याचे नाव उतरवले. सॅटर्न-५ चे मोल त्यामुळे कमी झाले नाही. मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवायचे ते नेमके काय, एवढाच तो प्रश्न होता.

आपल्या अंतराळ कार्यक्रमावर असा डाग नाही, हे आपले भाग्य. विक्रम उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक डोळे लावून बसले होते. असा उमाळा मला येथे दिसत नाही आणि त्याला भाबडेपणा म्हणून हिणवण्याची काही अनिवासी मंडळींची खोड मला मान्य नाही. मात्र सन्मान नेमका कोणत्या कामाचा, हा येथला प्रश्न आपणही विचारायला हवा.

चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे त्या मोहिमेतला, याच नावाचा विक्रम कोसळला आणि इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांचे अश्रू दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखवले गेले. वनिता यांचे नाव आज किती जणांना आठवते? वस्तुतः त्या अपयशाने हाती दिलेल्या माहितीवरूनच पुढच्या यानाचे पाय अधिक भक्कम केले गेले, इंधन वाढवले गेले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले गेले आणि उतरण्यासाठी ठरवलेले क्षेत्र ५०० मीटर लांबी-रुंदीवरून सुमारे ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतके मोठे केले गेले. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि त्यांच्या सहकारी के. कल्पना यांच्या चमूचे यश आधीच्या चमूच्या खांद्यावर उभे आहे, आणि या दोन चमूंच्या मधल्या चार वर्षांवर भाषणे होत नाहीत.

आपण मराठी माणसे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचा अभिमान बाळगतो, पण बहुधा आडनावापुरताच. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून ब्रिटनमधली नोकरी सोडून ते १९६७ मध्ये केरळमधल्या थुंबा येथील अग्निबाण केंद्रात आले (परदेशातून अभिमान व्यक्त करणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उदाहरण जरा अडचणीचेच) आणि अग्निबाणांचे घन इंधन देशातच तयार व्हावे यासाठी त्यांनी आयुष्याची ऐन वर्षे घातली. चांद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरमध्ये (जोर देणाऱ्या जोड-अग्निबाणांमध्ये) प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन होते, आणि त्या विद्येची मुळे थुंब्यातल्या त्या कामात आहेत. श्रेयाच्या भांडणात मात्र गोवारीकरांचे नाव क्वचितच निघते, कारण ते दोन्हीपैकी कोणत्याच तटाच्या उपयोगाचे नाही.