‘कॅप्चा लावा, स्पॅम बंद’ हा सल्ला कुठे फसतो

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो: ‘संपर्क फॉर्मवर कॅप्चा लावा, स्पॅम बंद. चित्रं जितकी अवघड तितकी साइट सुरक्षित. रीकॅप्चाची तिसरी आवृत्ती लावली की बघायलाच नको. तरी कोणी घुसलाच तर आयपी ब्लॉक करा. आणि नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालू द्या.’ कॅप्चा म्हणजे समोर माणूस आहे की बॉट (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम) हे ओळखणारी चाचणी, रीकॅप्चा हा गूगलचा कॅप्चा आणि आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. या सल्ल्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं वापरण्यासारखं नाही.

‘लावला की बंद.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. बॉट बहुतेक वेळा तुमचं पान उघडतच नाही. फॉर्म ज्या पत्त्यावर जातो, तिथे तो थेट पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्मची माहिती नेणारी विनंती) पाठवतो. पानावरचा कॅप्चाचा चौकोन त्याच्या वाटेत येतच नाही. चौकोनावर टिक केली की ब्राउझरला एक टोकन (चाचणी दिल्याची खूण) मिळतं आणि ते फॉर्मसोबत तुमच्या सर्व्हरवर येतं. खरं काम तिथून सुरू होतं. सर्व्हरने ते टोकन आणि सीक्रेट की (तुमच्या साइटची गुप्त किल्ली) कॅप्चा सेवेच्या पडताळणी पत्त्यावर पाठवायची, उत्तर होकारार्थी आहे का आणि त्यातलं होस्टनेम (साइटचं नाव) आपलंच आहे का ते बघायचं, मगच मेल सोडायचा. ‘टोकन आलं असेल तर तपास’ अशी अट अनेक कोडमध्ये दिसते. मग टोकन न पाठवणारा बॉट बिनदिक्कत आत येतो. रिकामं टोकन म्हणजे नकार, असंच लिहा. नंतर कर्लने (कमांड देऊन रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) टोकनशिवाय एक रिक्वेस्ट पाठवून बघा. मेल आला तर तुमचा कॅप्चा नुसता शोभेचा आहे.

याच जागी खरी माणसंही अडकतात. रीकॅप्चाचं टोकन २ मिनिटं टिकतं, क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइल या कॅप्चाचं ३०० सेकंद, आणि दोन्ही एकदाच वापरता येतात. पान उघडतानाच टोकन घेतलं आणि माणसाने पाच मिनिटं सविस्तर तक्रार लिहिली, तर ती नाकारली जाते. रीकॅप्चाच्या तिसऱ्या आवृत्तीत टोकन ‘पाठवा’ दाबल्यावर घ्या. फोन नंबर चुकला म्हणून फॉर्म परत आला, तर आधीचं टोकन खर्च झालेलं असतं. कॅप्चाचं विजेट (पानावरचा चौकोन) रीसेट करून नवं घ्या.

‘अवघड चित्रं.’ वेडीवाकडी अक्षरं यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचतं, हे गूगलनेच २०१४ मध्ये जाहीर केलं. शिवाय पैसे घेऊन माणसांकरवी कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा आहेतच. अवघडपणा भोवतो तो दृष्टिहीनांना आणि छोट्या फोनवर सिग्नल शोधत बसणाऱ्या वयस्कर लोकांना.

‘तिसरी आवृत्ती.’ ती काहीही अडवत नाही. ०.० ते १.० असा गुण देते, बास. गूगल सुरुवातीला ०.५ ची रेघ (तिच्याखालचा गुण संशयास्पद) सुचवतं. आधी काही दिवस नुसते गुण नोंदवा, मग रेघ ठरवा. कमी गुणाचा संदेश फेकू नका, वेगळ्या यादीत ठेवा.

‘आयपी ब्लॉक.’ आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. एका बॉटपायी तेवढे सगळे बाहेर. त्यापेक्षा वेगमर्यादा लावा आणि ओलांडली की थोड्या वेळापुरता ४२९ (‘फार रिक्वेस्ट आल्या’ असं सांगणारा कोड) द्या.

छोट्या साइटला पुष्कळदा सापळा-रकाना पुरतो: सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) लपवलेला, भरला गेला तर संदेश बाजूला. त्याला ईमेल किंवा फोन असं नाव देऊ नका, ब्राउझरचं ऑटोफिल तो भरून टाकतं. टॅबइंडेक्स उणे १ (टॅब दाबून तिथे पोचता येऊ नये म्हणून) आणि एरिया-हिडन (स्क्रीन रीडरने तो वाचू नये म्हणून) हवंच, नाहीतर स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारा त्यात सापडतो.

‘फक्त अक्षरं.’ हा मराठी नावांवर थेट अन्याय आहे. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) काना, वेलांटी, उकार ‘लेटर’ वर्गात नाहीत, ‘मार्क’ वर्गात आहेत. नुसता लेटर वर्ग चालू दिला तर ‘सुनील’ नाकारला जातो. दोन्ही वर्ग आणि मोकळी जागा घ्या. ‘कऱ्हाडे’मधला अर्धा र काही कीबोर्ड झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालून लिहितात, म्हणून ते चिन्हही, युनिकोड क्रमांक यू+२००डी, यादीत ठेवा.